इंग्रजीतले मुंगूस

इंग्रजीत एक जुना विनोद आहे. एका गृहस्थाला सापांच्या भीतीने दोन मुंगसे पाळायची होती. प्राण्यांच्या व्यापाऱ्याला पत्र लिहायला तो बसला आणि 'मॉन्गूस' या शब्दाचे अनेकवचन कसे करायचे, या प्रश्नावर अडला. बदकाच्या नात्यातल्या 'गूस' या पक्ष्याचे अनेकवचन 'गीस' होते, हे त्याला ठाऊक होते. मग मॉन्गूसचे 'मॉन्गीस' करायचे की 'मॉन्गूसेस'? दोन्ही रूपे लिहून आणि खोडून झाल्यावर त्याने अखेर पत्र असे लिहिले: "कृपया एक मॉन्गूस पाठवावे. त्याच्याबरोबर आणखी एक पाठवावे."

मराठी वाचकाला हा विनोद कळतो, पण गृहस्थाची अडचण मात्र थोडी परकी वाटते, कारण आपल्याकडे ती उद्भवतच नाही. कणीस आणि कणसे, तसे मुंगूस आणि मुंगसे. प्रत्यय लागला की 'मुंगूस'मधला 'गू' आपोआप आखडतो आणि आपण 'मुंगसाने', 'मुंगसाला' असे म्हणतो. शब्द भाषेत मुरला असल्याची ही खूण आहे. इंग्रजीत तो उपरा असल्यामुळेच तिथे पंचाईत होते. मॉन्गूस या शब्दातल्या 'गूस'चा त्या पक्ष्याशी काहीही संबंध नाही. मराठीतल्या मुंगसाचा उत्तरार्ध इंग्रजी कानांना ओळखीच्या पक्ष्यासारखा ऐकू आला आणि लिहिणाऱ्यांनी तो त्या पक्ष्याच्याच अक्षरांत लिहून टाकला, एवढीच ही गोष्ट आहे. परक्या शब्दाला ओळखीचा पोशाख चढवण्याच्या या प्रकाराला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या एका कवचधारी प्राण्याला इंग्रजीत 'क्रेफिश' म्हणतात, त्या नावातला 'फिश' म्हणजे मासादेखील असाच एका फ्रेंच शब्दाच्या शेवटातून उपजला आहे. आज इंग्रजी कोशांत 'मॉन्गूसेस' हे प्रमाण अनेकवचन मानतात आणि 'मॉन्गीस' हे रूप काही कोश केवळ पर्याय म्हणून नोंदवतात.

इंग्रजीतल्या या शब्दाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक जॉन फ्रायर याच्या लेखनात सापडते. फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य होता. १६७० च्या दशकात तो पश्चिम हिंदुस्थानात वावरत होता. सुरत आणि मुंबई ही ठाणी त्याच्या परिचयाची होती आणि तो जुन्नरपर्यंतही जाऊन आला होता. त्याचे प्रवासवर्णन छापून आले १६९८ मध्ये, परंतु मुंगसाचा उल्लेख असलेला मजकूर १६७३ च्या सुमाराचा मानला जातो. मुंगूस हे 'फेरेट'च्या जातकुळीतले असते, इतकेच तो सांगतो. फेरेट म्हणजे बिळांतून ससे हुसकावून काढण्यासाठी युरोपात पाळला जाणारा लांबट अंगाचा, आखूड पायांचा प्राणी. मायदेशातील वाचकांनी मुंगूस कधी पाहिलेले नसल्यामुळे त्याने ओळखीच्या प्राण्याचा आधार घेतला, हे स्वाभाविकच होते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे नाते खरे नाही. फेरेट हा कुत्रा आणि अस्वल यांच्या बाजूच्या मांसाहारी गटातला, तर मुंगूस हे मांजर आणि तरस यांच्या बाजूचे आहे. दोघांची शरीरे सारखी दिसतात ती बिळांत आणि झुडपांखाली शिकार करण्याच्या सारख्या सवयींमुळे.

फ्रायरनंतर थोड्याच वर्षांनी, १६८१ मध्ये, रॉबर्ट नॉक्स या इंग्रज खलाशाचे श्रीलंकेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. कँडीच्या राजाच्या कैदेत त्याने जवळजवळ एकोणीस वर्षे काढली होती. त्याने या प्राण्याचे नाव 'मौंगुटिया' अशा काहीशा रूपात लिहिले आहे. सिंहलीत मुंगसाला 'मुगटिया' म्हणतात, त्याचाच तो उच्चार आहे. म्हणजे एकाच काळात इंग्रजीच्या दारात एका प्राण्याची दोन नावे उभी होती आणि त्यांपैकी पश्चिम किनाऱ्यावरचे नाव आत शिरले.

हे नाव नेमके कोणाचे, यावर कोशकारांचे एकमत व्हायला वेळ लागला. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात हा शब्द तेलुगू ठरवला आहे, आणि दख्खनीत व मराठीतही 'मंगूस' असा शब्द असल्याचे त्याच नोंदीत पुढे सांगितले आहे. आजचे बहुतेक कोश मात्र मूळ म्हणून मराठीकडे बोट दाखवतात. हा कौल मला पटतो आणि त्याचे कारण शब्दाच्या शेपटीत आहे. तेलुगूतला 'मुंगिस' (त्यातला शेवटचा 'स' पूर्ण उच्चारतात) आणि कन्नडमधला 'मुंगुसि' हे दोन्ही शब्द स्वरावर संपतात. इंग्रजीतले 'मॉन्गूस' मात्र 'गू' लांबवून 'स'वर थांबते, अगदी मराठीत थांबते तसे. (मराठी माणसे इंग्रजी बोलताना त्याचे 'मंगूज' करतात, पण इंग्रजी उच्चारात शेवटी 'स'च आहे, आपल्या घरचा उच्चार तसाच ठेवला असता तर चूक झाली नसती.) शिवाय फ्रायर वावरला तो प्रदेशही याच बाजूचा. फ्रेंचांनी या प्राण्याला 'मांगूस्त' म्हटले आणि तो शब्द पोर्तुगीजांमार्फत गेला, असे फ्रेंच कोशकार मानतात. पोर्तुगीज तर इंग्रजांच्या दीड शतक आधीच कोकण किनाऱ्यावर येऊन बसले होते.

तरीही हॉब्सन-जॉब्सनचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. संस्कृतात मुंगसाला 'नकुल' म्हणतात. त्या शब्दापासून हिंदीत 'नेवला', गुजरातीत 'नोळियो' आणि बंगालीत 'नेउल' हे शब्द आले. मराठीने हा वारसा पांडवांपैकी चौथ्या भावाच्या नावापुरता ठेवला आणि रोजच्या व्यवहारासाठी वेगळाच शब्द घेतला. तो शब्द कन्नड आणि तेलुगूशी जुळतो. तमीळ आणि मल्याळमशी जुळत नाही, कारण त्या दोन भाषांत मुंगसाला 'कीरी' म्हणतात. म्हणजे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा जिथे एकमेकींना लागून नांदतात त्या दख्खनच्या पट्ट्याचा हा शब्द आहे आणि मराठीत तो द्राविडी शेजाऱ्यांकडून आला असण्याची शक्यता मोठी आहे. इंग्रजांनी शब्द उचलला तो मराठीच्या अंगणातून, पण मराठीनेही तो आधी कुंपणापलीकडून आणलेला दिसतो.

इंग्रजीला या प्राण्यासाठी शब्दच नव्हता असे नाही. इजिप्तमधले मुंगूस ग्रीकांना आणि रोमनांना चांगले ठाऊक होते व ते त्याला 'इक्न्यूमॉन' म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'माग काढणारा' असा आहे. हे जनावर मगरीची अंडी शोधून खाते, ही गोष्ट खरी आहे. परंतु झोपलेल्या मगरीच्या उघड्या जबड्यातून आत शिरून ते तिची आतडी कुरतडते, ही रोमन लेखक प्लिनीने नोंदवलेली कथाही शतकानुशतके तितक्याच गांभीर्याने सांगितली जात होती. सापाशी झुंजण्यापूर्वी ते चिखलात लोळून अंगावर कवच चढवते, असेही तो लिहितो. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या सुशिक्षित इंग्रजांच्या लेखी हिंदुस्थानातले मुंगूस म्हणजे 'भारतीय इक्न्यूमॉन'च होते. पुढे बोलीतला शब्द जिंकला आणि ग्रीक शब्द मागे पडला. तो आज प्रामुख्याने दोन ठिकाणी उरला आहे: इजिप्तच्या मुंगसाच्या शास्त्रीय नावात, आणि अळ्यांचा माग काढून त्यांच्या शरीरात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांच्या एका मोठ्या कुलाच्या नावात.

शब्द नवा आणि प्राणी दूरदेशीचा असला की नाव भलत्याच्याच गळ्यात पडते, हे मुंगसाच्या बाबतीत विलक्षण प्रमाणात घडले. जॉर्ज एडवर्ड्स हा अठराव्या शतकातला नामवंत इंग्रज निसर्गचित्रकार होता. त्याने १७५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चित्राला 'मंगूझ' असे नाव दिले. चित्रातला प्राणी मात्र लेमूर होता, म्हणजे मादागास्करच्या झाडांवर राहणारा, मोठ्या डोळ्यांचा आणि लांब झुपकेदार शेपटीचा, माकडांचा दूरचा भाऊबंद. फ्रेंच निसर्ग-अभ्यासक ब्यूफाँ याने त्याच लेमूरला 'मोंगूस' म्हटले आणि खऱ्या मुंगसासाठी 'मांगूस्त' वापरले. त्यामुळे एकाच मराठी शब्दाची दोन रूपे त्याच्या ग्रंथात दोन अगदी वेगळ्या प्राण्यांना चिकटली. १७६६ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीयसने लेमूरच्या या जातीला शास्त्रीय नाव देताना 'मोंगोझ' हाच शब्द घेतला. शास्त्रीय नावांच्या नियमांनुसार आधी प्रसिद्ध झालेले नाव, ते कितीही चुकीच्या समजुतीतून आलेले असले तरी, सहसा बदलता येत नाही. त्यामुळे हा लेमूर आजही 'युलेमूर मोंगोझ' या नावाने ओळखला जातो आणि इंग्रजीत त्याला 'मॉन्गूस लेमूर' म्हणतात. तो आता अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

याची दुसरी बाजू अधिक गमतीची आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावरून धावताना दिसणाऱ्या करड्या मुंगसाला एत्येन जॉफ्र्वा सेंत-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये शास्त्रीय नाव दिले, तेव्हा जातिवाचक पद म्हणून त्याने 'एडवर्ड्साय' हा शब्द निवडला. तो एडवर्ड्स म्हणजे हाच चित्रकार. त्याने मुंगसाचे नाव लेमूरला दिले आणि मुंगसाला या चित्रकाराचे नाव मिळाले.

'मुंगूस' हा शब्द शास्त्रीय नावांत मुंगसासाठीही वापरला गेला, पण तोही परदेशात. 'मुंगोस' नावाची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) १७९५ मध्ये स्थापन झाली; आज तिच्यात दोनच जाती उरल्या आहेत आणि दोन्ही आफ्रिकेत आढळतात. त्यांपैकी पाठीवर आडवे पट्टे असलेल्या, टोळीने राहणाऱ्या मुंगसाचे नाव 'मुंगोस मुंगो' आहे. ज्या प्रदेशातून हा शब्द निघाला तिथल्या मुंगसांना बराच काळ 'हर्पेस्टीस', म्हणजे ग्रीकमध्ये 'सरपटणारा', ही प्रजाती लावली जात होती. अलीकडे जनुकीय अभ्यासातून आशियातील मुंगसे आफ्रिकेतल्या हर्पेस्टीसपेक्षा वेगळ्या शाखेची असल्याचे दिसल्यावर त्यांना 'उर्वा' या प्रजातीत हलवण्यात आले. हे नाव ब्रायन हॉजसन या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने १८३० च्या दशकात नेपाळमधल्या खेकडे खाणाऱ्या मुंगसासाठी योजले होते. मुंगसांच्या कुलात आज सुमारे ३४ जाती मोजल्या जातात.

त्याच कुलातला आणखी एक सभासद सर्वांच्या परिचयाचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळांवर मागच्या पायांवर उभा राहून पहारा करणारा 'मीअरकॅट' हा मुंगसांपैकीच एक. त्याचे नाव डच भाषेतून आले आहे आणि डच भाषेत या शब्दाचा अर्थ होता माकड. 'मीअर' म्हणजे पाण्याचा मोठा साठा आणि 'कॅट' म्हणजे मांजर, अशी त्याची फोड केली जाते. समुद्रापलीकडून येणाऱ्या लांब शेपटीच्या माकडांना हा शब्द जर्मन आणि डच भाषांत मध्ययुगापासून वापरला जात होता. त्याचे मूळ संस्कृत 'मर्कट'मध्ये असावे, असे काहींनी सुचवले आहे. ध्वनिसाम्य मोहक असले तरी त्या काळी हा शब्द भारतातून थेट जर्मनीत कसा पोचला असेल याचा दुवा मिळत नाही, म्हणून या व्युत्पत्तीवर फारसा भार टाकू नये. हिशेब मांडला तर चित्र असे दिसते की माकडांच्या गणातल्या लेमूरला मुंगसाचे नाव मिळाले आहे आणि मुंगसाच्या कुलातल्या मीअरकॅटला माकडाचे.

वनस्पतींनाही या शब्दाने सोडलेले नाही. एंगेलबर्ट केंप्फर या जर्मन वैद्याने १७१२ मध्ये छापलेल्या ग्रंथात 'मुंगो' नावाच्या मुळीचे वर्णन केले आहे. साप चावला की मुंगूस ही मुळी खाते आणि विष उतरवते, अशी समजूत पोर्तुगीजांच्या काळापासून युरोपीय लेखनात चालत आली होती. आपल्याकडच्या निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदाच्या वनस्पतिकोशांत, 'नाकुली' नावाची विषघ्न वनस्पती आहेच; नकुलाची ती नाकुली. लिनीयसने केंप्फरच्या मुळीला १७५३ मध्ये 'ओफिओरायझा मुंगोस' असे नाव दिले, ज्याचा शब्दशः अर्थ 'मुंगसाचे सर्पमूळ' असा होतो. या मुळीने सर्पविष उतरल्याचा पुरावा नाही, मात्र तिच्यात कँप्टोथेसिन हे द्रव्य असते आणि त्याच्यापासून तयार केलेली औषधे आज कर्करोगाच्या उपचारात वापरली जातात. याउलट 'व्हिग्ना मुंगो' हे नाव वाचून कुणी मुंगूस आठवू नये, कारण तिथला 'मुंगो' हा आपल्या मुगावरून आलेला आहे. त्यातही मौज अशी की व्हिग्ना मुंगो म्हणजे मूग नव्हेच, ते उडदाचे नाव आहे. मुगाचे नाव 'व्हिग्ना रेडिएटा' असे आहे.

मुळी खात नसेल, तर मुंगूस नागाच्या विषाला दाद का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर १९९२ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी रेणूंच्या पातळीवर दाखवून दिले. मेंदूकडून आलेली आज्ञा स्नायूपर्यंत पोचते ती अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत, आणि हे रसायन स्वीकारण्यासाठी स्नायूच्या पृष्ठभागावर खास ग्राही प्रथिने असतात. नागाच्या विषातले चेताविष नेमके त्या ग्राहींवर जाऊन बसते. कुलपात मोडकी किल्ली अडकावी तशी आज्ञेची वाट बंद होते, स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. मुंगसाच्या ग्राहीत विष बसण्याच्या जागेवरची काही अमिनो आम्ले बदललेली असतात आणि तिथे एक शर्करेचा रेणूही जोडलेला असतो. त्यामुळे विषाला बसायला जागा मिळत नाही, अॅसिटिलकोलीन मात्र पूर्वीप्रमाणेच काम करू शकते. हे संरक्षण संपूर्ण नाही. विषाची मात्रा फार मोठी असेल तर मुंगूसही मरते, आणि रक्तावर परिणाम करणाऱ्या घोणसाच्या विषाची तऱ्हा निराळी असल्यामुळे या एका बदलाचा तिथे उपयोग नाही. मुंगसाची खरी भिस्त चपळाईवर आणि अंगावरच्या राठ केसांवर असते. त्याचा एक केस हातात घेऊन पाहिला तर त्यावर फिकट आणि गडद पट्टे आळीपाळीने दिसतात. दुरून जो रंग करडा वाटतो तो या पट्ट्यांच्या मिसळणीतून तयार होतो. झुंजीत हे केस ताठ उभे राहतात, अंग मूळच्यापेक्षा बरेच मोठे दिसू लागते आणि सापाचा दंश पुष्कळदा कातडीपर्यंत न पोचता केसांतच अडकतो.

साप आणि उंदीर मारणारा म्हणून झालेल्या कीर्तीने मुंगसाला आणि त्याच्या नावाला पुढे समुद्रापार नेले. १८७२ मध्ये जमैकातल्या एका ऊसमळ्याच्या मालकाने उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी कोलकात्याहून नऊ लहान भारतीय मुंगसे आणवली. त्यांची संतती कॅरिबियन बेटांवर पसरली आणि तिथूनच १८८३ मध्ये ७२ मुंगसे हवाईच्या ऊसमळ्यांत गेली. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठ अपेक्षेइतकी पडली नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मात्र मुंगसांना आयतीच मिळाली. हाच अनुभव जपानने हबू या विषारी सापाच्या बाबतीत घेतला. १९१० मध्ये ओकिनावात आणि १९७९ मध्ये अमामी बेटावर मुंगसे सोडली गेली, हबू निशाचर असल्यामुळे दोघे क्वचितच समोरासमोर आले, आणि बेटांवरचे दुर्मीळ ससे व पक्षी मुंगसांच्या तोंडी जाऊ लागले. अमामीवरचे शेवटचे मुंगूस संपल्याची अधिकृत घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये करण्यात आली. जपानी भाषेत या प्राण्याला 'मांगूसु' म्हणतात. शब्द इंग्रजीतून गेलेला असला तरी इंग्रजीतला 'मॉ' तिथे पुन्हा 'मा' झाला आहे, आणि ऐकताना तो मराठी 'मंगूस'च्याच अधिक जवळचा वाटतो.

हवाईयन भाषेत मात्र त्याचे रूप पार पालटले. त्या भाषेत 'ग' आणि 'स' हे ध्वनी नाहीत, दोन व्यंजने एकमेकांना चिकटून येत नाहीत आणि प्रत्येक शब्दाचा शेवट स्वराने व्हावा लागतो. त्यामुळे 'ग'च्या जागी 'क' आला, 'स'च्या जागीही 'क'च आला, मधल्या जोडाक्षरात 'आ' घुसला, शेवटी एक 'ए' जोडला गेला आणि मॉन्गूसचे 'मानाकुके' झाले. पूर्ण नाव 'इओले मानाकुके' असे आहे, आणि 'इओले' म्हणजे उंदीर.